‘विंडोज १० बंद, लॅपटॉप भंगारात’: त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा सारांश असा: विंडोज १० बंद झालं, जुना लॅपटॉप आता निरुपयोगी, मोडीत काढा आणि नवा घ्या. कुणी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) टाका म्हणालं तर ऐकू नका. ते इंजिनिअर लोकांचं काम, काळ्या पडद्यावर कमांड लिहाव्या लागतात, टाकताना सगळा डेटा उडतो, मराठी टाइप होत नाही आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमधून व्हायरस येतात.

माझी आत्या निवृत्त शिक्षिका आहे. हा मेसेज वाचून तिने तिचा धडधाकट लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये द्यायचं ठरवलं होतं. मला ते फार लागलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘बंद झालं’ या शब्दापासूनच घोळ सुरू होतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, म्हणजे नव्या त्रुटी सापडल्या तर त्या बुजवणारे अपडेट आपोआप येणं थांबलं. कंप्युटर त्या दिवशी बंद पडला नाही. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील, अशी सोयही ठेवली आहे. खरी अडचण विंडोज ११ च्या अटींची आहे. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आत्याचा आय-३ सहाव्या पिढीचा. तो या अटींत बसत नाही, पण यंत्र म्हणून त्यात काही बिघडलेलं नाही.

आता काळ्या पडद्याचं. ज्या अँड्रॉइड फोनवरून हा मेसेज पुढे ढकलला जातो, त्याच्या गाभ्याशी लिनक्सचाच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा मूळ भाग, आहे. त्या फोनवर कुणी कमांड लिहीत नाही. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, त्यांतलं लिनक्स मिंट मी नवशिक्यांना सुचवतो. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ आणि वाय-फाय, सॉफ्टवेअर घ्यायला फोनसारखं एक दुकान, अपडेट आले की कोपऱ्यात ढाल दिसते, तिच्यावर क्लिक करायचं. मग कमांडची भीती कुठून आली? इंटरनेटवर मदत शोधली की उत्तरात बहुतेकदा कमांडच मिळते, कारण सांगणाऱ्याला सहा चित्रं जोडण्यापेक्षा एक ओळ चिकटवणं सोपं पडतं. तेच काम माउसनेही होत असतं, फक्त तसं सांगायचा कंटाळा केला जातो. हा आम्हा लिनक्सवाल्यांचा दोष आहे आणि तो मला मान्य आहे.

‘शेकडो लिनक्स आहेत, कुठलं घ्यायचं?’ या प्रश्नात लोक आठवडे घालवतात. ८ जीबी रॅम असेल तर मिंटची सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आणि लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. त्याने जो फरक पडतो, तो कुठल्याही सिस्टिमने पडत नाही.

‘डेटा उडतो’ हा एकच मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण चुकीच्या ठिकाणी क्लिक झालं तर तो खरोखर उडतो. पण मेसेज लिहिणाऱ्याने एक गोष्ट सांगितलेली नाही: मिंट इन्स्टॉल न करताच वापरून बघता येतं. सुमारे तीन जीबीची आयएसओ फाइल (त्यात अख्खं मिंट असतं) उतरवायची आणि बलेना एचर किंवा रूफस या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, आणि पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं. मग लॅपटॉप सुरू होताना एफ१२ दाबायचं, काही कंपन्यांत एफ९ किंवा एस्केप, आणि पेनड्राइव्ह निवडायचा. समोर मिंट उभं राहतं. आतल्या डिस्कला अजून हातही लागलेला नसतो. आत्याने असंच दोन दुपारी वापरून पाहिलं. वाय-फाय जोडलं, यूट्यूबवर कीर्तन लावलं, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का ते तपासलं. पेनड्राइव्हवरून चालताना ते जरा रखडतं, तेवढं धरून चालायचं.

टाकायचं ठरलं की तीन गोष्टी आधी करायच्या. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, आणि ती दुसऱ्या कंप्युटरवर उघडतात का ते बघायचं. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवायची. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हायला विंडोज पूर्ण बंद न होण्याची सोय) बंद करायचं. मग येतो तो पडदा, जिथे माणसं फसतात. ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट अलाँगसाइड’ म्हणजे विंडोजच्या शेजारी. ‘इरेज डिस्क’ म्हणजे सगळी डिस्क पुसून. गोल बटण कुठे आहे हे मी आत्याला मोठ्याने वाचायला लावलं. तिने वाचलं आणि विचारलं, “अरे, सहलीचे फोटो घेतलेस ना सगळे?” घेतले होते. तरी आम्ही थांबून हार्ड डिस्क पुन्हा जोडली, फोल्डर उघडून दाखवलं, आणि मगच पुढे गेलो.

मराठीबद्दलचा दावा अर्धवट माहितीतून आलाय. इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची सरकारमान्य कीबोर्ड मांडणी, मिंटमध्ये बसते. सरकारी परीक्षेसाठी जे ती शिकलेत, त्यांची बोटं जशीच्या तशी चालतात. रोमन अक्षरांतून टाइप करायलाही आयबस या टायपिंगच्या सोयीत पर्याय आहेत, फक्त त्यांचे नियम ठरलेले असतात आणि गूगलसारखे शब्द सुचवले जात नाहीत. सवय व्हायला आत्याला आठवडा लागला. मग ‘मराठी येत नाही’ असं लोक का म्हणतात? श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेली फाइल उघडली की कचरा दिसतो म्हणून. त्या फाइलमध्ये मुळात देवनागरी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी आकार चढवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तीच फाइल तशीच दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराचा कोड जगभर एकच असतो त्या पद्धतीत, लिहिलेलं मराठी सगळीकडे वाचता येतं.

फुकट म्हणजे व्हायरस, हेही तसंच. मिंट २००६ पासून आहे, देणग्या आणि प्रायोजकांवर चालतं, आणि त्याचा कोड कुणालाही वाचायला खुला आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांच्या वेबसाइटवर हल्ला झाला होता आणि एका आयएसओची लिंक छेडछाड केलेल्या फाइलकडे वळवली गेली होती, हे लपवायचं कारण नाही. मिंटने ते स्वतः जाहीर केलं. म्हणूनच फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या, आणि घेतल्यावरही तिथे दिलेला शा-२५६ आकडा (फाइल बदललेली नाही याची खूण) आपल्या फाइलशी ताडून बघा. याउलट आपल्याकडे किती घरांत क्रॅक केलेलं विंडोज आहे, जे सुरू करायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात! धोका शोधायचाच असेल तर तिथे शोधा.

मेसेजमध्ये नसलेल्या, पण खऱ्या अडचणी मात्र आहेत. टॅली किंवा कोरलड्रॉवर तुमचं पोट असेल, डीटीपी श्री-लिपीत चालत असेल, डिजिटल सहीचा टोकन लावून टेंडर भरत असाल, तर ते काम विंडोजवरच ठेवा. या कामांना मिंट लावायचा आग्रह धरणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रिंटर आधी तपासा. ऑफिसांतून दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० ला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवताना डोकं दुखतं. वाय-फाय दिसत नसेल तर घाबरू नका. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, इंटरनेट येईल, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. वर्डच्या फाइल लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये उघडतात, पण गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी कधी कधी हलते. दुसऱ्याला पाठवायचं असेल तर पीडीएफ करून पाठवा.

आत्या आता तिच्या शाळेच्या आठवणी त्याच लॅपटॉपवर लिहितेय, इन्स्क्रिप्टमध्ये. विंडोज अजून शेजारी आहे. गेल्या महिन्यात तिने ते एकदाच उघडलं, जुनी टाचणं शोधायला. तीही तिने मिंटमधल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली आहेत.