पायांचा वास पोटातून येत नाही

'पायांना वास येतो म्हणजे शरीरातलं विष घामावाटे बाहेर पडतंय. पोट साफ ठेवा, बुटांत खायचा सोडा टाका, बूट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, जंतू मरतील.' व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मजकुरात एकच गोष्ट खरी आहे, तीही अर्धीच.

आधी विषाचं बघू. तळव्याचा घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी, थोडं मीठ आणि किंचित अमिनो आम्लं. ताज्या घामाला वास नसतोच म्हणा ना. त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जीवाणू घामातलं ल्युसीन हे अमिनो आम्ल खाऊन आयसोव्हॅलेरिक आम्ल सोडतो. तो आंबूस, चीजसारखा दर्प त्याचा. चीजसारखा ही नुसती उपमा नाही. लिंबर्गर या उग्र वासाच्या चीजवर वाढणाऱ्या ब्रेव्हिबॅक्टेरियम जीवाणूचे भाऊबंद बोटांच्या बेचक्यांत राहतात आणि मिथेनथायॉल हा गंधकी वायू बनवतात. मलेरिया पसरवणारा आफ्रिकेतला ॲनोफिलीस गॅम्बिई डास पायांच्या वासाकडे जसा, तसा या चीजकडेही ओढला जातो. त्या शोधाला २००६ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं.

पोटाचा संबंध असता तर तळहातांनाही घाणेरडा वास आला असता. घामाच्या ग्रंथी तिथेही तितक्याच दाट आहेत. फरक इतकाच, की हात दिवसभर मोज्यात कोंडलेले नसतात.

फ्रीजर: थंडीने जीवाणू थिजतात, बहुतेक मरत नाहीत. प्रयोगशाळेत ते जपून ठेवतात तेच उणे ८० अंशांवर. बूट पायात गेला की त्यांचं काम पुन्हा सुरू.

सोडा मात्र अर्धा खरा. तो आम्लाचा हवेत न उडणारा क्षार करतो, म्हणून सकाळी वास कमी वाटतो. गंधकी वायूवर आणि ओलीवर त्याची मात्रा चालत नाही. घालण्याआधी बूट झटकून घ्या. राहिलेला सोडा त्वचेला झोंबतो.

खरा उपाय ओल घालवण्याचा. दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला सुकायला निदान २४ तास मिळतात. आतला तळ काढून वेगळा वाळवा. पावसाळ्यात बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन-तीन तासांनी बदला. मोजे उलटे करून धुवा, मृत त्वचा आतल्या बाजूला असते. कापड सोसत असेल तर पाणी ६० अंशांचं.

तरीही घाम फार असेल तर २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइड रात्री लावून सकाळी धुतात. पाय पूर्ण कोरडे हवेत. ओल्या त्वचेवर त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल बनतं आणि आग होते.

तळव्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर तो जीवाणूंचा संसर्ग असू शकतो. त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडून लावायचं प्रतिजैविक लागतं. पाय थोडा वेळ पाण्यात ठेवून पाहा, खड्डे जास्त ठळक दिसतात.