काळ्या अस्वलाला ‘.४४ मॅग्नमखाली काही चालत नाही’? जरा थांबा

अमेरिकेत शिकारीचा परवाना काढणारी मराठी माणसं आता अधूनमधून भेटतात. हँडगनने, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने, काळं अस्वल मारण्याचा विषय निघाला की त्यांच्यापुढे एक ठरलेला मजकूर ठेवला जातो. गोळाबेरीज अशी: काळ्या अस्वलाला .४४ मॅग्नम या जबर काडतुसाखाली काही चालत नाही. लहान गोळ्या त्याच्या कवटीवरून निसटतात. काडतुसांच्या डब्यावरचे फूट-पाउंड, म्हणजे गोळीची ऊर्जा, बघा, हजाराच्या आसपास असले की अस्वल जागेवर आडवं. गोळी घ्यायची तर हार्ड कास्टच (कडक केलेल्या शिशाची), हॉलो पॉइंट (पोकळ टोकाची, लागताच पसरणारी) फक्त माणसांसाठी. आणि तेच रिव्हॉल्व्हर कॅम्पिंगला कमरेला लावलं की अस्वलाची भीती संपली.

हे सगळं धडधडीत खोटं असतं तर खोडून मोकळं होता आलं असतं. पण यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे आणि त्या थोडक्याच्या जोरावर बाकीचं खपून जातं.

मुळात अस्वल कोणतं, तिथूनच सुरुवात करावी लागेल. आपल्या डोक्यातलं अस्वल असतं मेळघाट-ताडोब्याचं. अचानक समोर आलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं, विदर्भातल्या गावांना हे नव्याने सांगायला नको. त्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, तेव्हा त्याचा इथे संबंध नाही. अमेरिकन काळं अस्वल वेगळं. चाहूल लागली की ते बहुतेक वेळा पळतं किंवा झाडावर चढतं. प्रौढ नर साधारण ६० ते २२५ किलोंच्या दरम्यान, माद्या त्याहून बऱ्याच लहान. पेनसिल्वेनियात पावणेतीनशे किलोंच्या वरचे नरही मिळालेत, पण ते अपवाद. ‘अस्वलासाठी काय लागतं’ या सल्ल्यातला बराचसा भाग अलास्कातल्या तपकिरी अस्वलावरून उचललेला असतो. तो प्राणी कितीतरी मोठा. त्याच्यासाठी काढलेला नियम काळ्या अस्वलाला लावला की पहिलं पाऊलच चुकतं.

‘.४४ मॅग्नमखाली काही चालत नाही’

.४४ मॅग्नम उत्तम काडतूस आहे, यावर वाद नाही. १९५५-५६ च्या सुमारास रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन यांनी ते बाजारात आणलं ते शिकारीच डोळ्यांपुढे ठेवून. पण त्याआधी वीस वर्षं, १९३५ पासून, .३५७ मॅग्नम होतंच आणि त्यानेही काळी अस्वलं मारली गेली. कुत्र्यांनी झाडावर चढवलेलं अस्वल जवळून मारणारे शिकारी आजही हलकं हत्यार पसंत करतात, कारण दिवसभर डोंगर त्यांनाच चढायचा असतो.

‘.४४’ हा आकडा फक्त गोळीचा ढोबळ व्यास सांगतो (प्रत्यक्षात ०.४२९ इंच), गोळी किती खोल जाईल ते नाही. खोली बऱ्याच अंशी ठरते ती व्यासाच्या मानाने गोळी किती वजनदार आहे आणि तिची बांधणी कशी आहे यावर. पहिल्या गोष्टीला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात: पाउंडातलं वजन (७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड) भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. .४४ ची नेहमीची २४० ग्रेनची गोळी घेतली तर उत्तर येतं ०.१८६. .३५७ ची १८० ग्रेनची घेतली तर ०.२०२. म्हणजे बांधणी सारखीच मजबूत आणि वेग जवळपास तेवढाच असेल, तर ही ‘लहान’ गोळी खोलीत मागे पडत नाही. भोक अरुंद पडतं, हे खरं. म्हणून .३५७ वाल्याने अंतर कमी ठेवावं, अस्वल आडवं उभं राहीपर्यंत थांबावं आणि कोन नीट नसेल तर सोडून द्यावं. त्याला मर्यादा म्हणतात, मनाई नव्हे.

१० मि.मी. ऑटोचंही तेच. १९८३ मध्ये आलेलं हे काडतूस १८० ते २०० ग्रेनच्या मजबूत गोळीसह काळ्या अस्वलाला पुरतं. मात्र डब्यावर ‘१० मि.मी.’ लिहिलंय म्हणून सगळं सारखं नसतं. काही कारखाने ते इतकं मवाळ भरतात की .४० स्मिथ अँड वेसनपेक्षा फारसा फरक उरत नाही. डब्याच्या बाजूला छापलेला वेग वाचा, आणि तो किती इंची नळीतून मोजलाय तेही. आठ इंची नळीवरचा आकडा चार इंची रिव्हॉल्व्हरमधून मिळणार नाही.

‘हजार फूट-पाउंड असले की जागेवर आडवं’

सगळ्यात जास्त नुकसान हा समज करतो, म्हणून इथे थोडा हिशेब करू. २४० ग्रेन म्हणजे साडेपंधरा ग्रॅम. वेग सेकंदाला १३५० फूट, म्हणजे सुमारे ४११ मीटर. ही गोळी सव्वाशे किलोच्या अस्वलात शिरून तिथेच थांबली, म्हणजे तिचा सगळा संवेग त्याला मिळाला, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर. तेवढाच धक्का, किंबहुना थोडा जास्तच, तुमच्या हाताला आधीच बसलेला असतो, आणि तुम्ही काही मागे उडून पडत नाही. एफबीआयने १९८९ मध्ये हँडगनच्या जखमांविषयी जे टिपण काढलं, त्यातही ‘नॉकडाउन पॉवर’ ही कल्पना स्पष्ट शब्दांत मोडीत काढली होती.

मग अस्वल मरतं कशाने? मेंदू किंवा मणका सोडला तर रक्तस्रावाने आणि फुफ्फुसं निकामी झाल्याने. दोन्ही फुफ्फुसं फुटलेलं अस्वलसुद्धा पन्नास-शंभर यार्ड पळू शकतं. त्यात गोळीचा दोष नाही. रायफलच्या गोळीचा वेग इतका असतो की भोवतालचं मांस ताणलं जाऊन फाटतं. हँडगनच्या वेगाला ते ताणणं बहुतेक ठिकाणी तात्पुरतं ठरतं, मांस परत जागेवर येतं. उरतं ते गोळीने प्रत्यक्ष पाडलेलं भोक. ते कुठून कुठवर गेलं, एवढाच प्रश्न.

शिवाय फूट-पाउंडांच्या आकड्यात वेगाचा वर्ग असतो, त्यामुळे हलकी आणि वेगवान गोळी कागदावर नेहमी भाव खाऊन जाते. .४४ मध्येच बघा. १८० ग्रेनची हॉलो पॉइंट १६०० फुटांच्या वेगाने: १०२३ फूट-पाउंड. ३०० ग्रेनची जड गोळी १२०० फुटांनी: ९५९. मजकूर प्रमाण मानला तर पहिली सरस. खांद्याच्या हाडावर बसली तर पहिली वरच्यावर फुटून जाण्याची भीती, दुसरी हाड फोडून पलीकडे. फूट-पाउंड बघू नयेत असं नाही. कोलोरॅडोचा नियमच आहे की हँडगनच्या काडतुसाची ऊर्जा ५० यार्डांवर किमान ५५० फूट-पाउंड असावी, आणि .३५७ ची नेहमीची १५८ ग्रेनची काडतुसं तर नळीच्या तोंडाशीच त्याच्या खाली असतात. तो कायद्याचा उंबरठा झाला. त्यावरून अस्वल कसं पडेल याचं भाकीत करता येत नाही.

‘हार्ड कास्टच घ्या’

हार्ड कास्ट म्हणजे शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून कडक केलेली, बहुधा सपाट टोकाची गोळी. ती पसरत नाही, सरळ आरपार जाते. तपकिरी अस्वल समोरून अंगावर येतंय अशा प्रसंगासाठी तिची कीर्ती आहे आणि ती रास्त आहे. पण शांतपणे आडव्या उभ्या असलेल्या काळ्या अस्वलासाठी तेवढा चिवटपणा लागतोच असं नाही. .४४ ची २४० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (टोकाशी मऊ शिसं उघडं असलेली) किंवा शिकारीसाठी घडवलेली, आवरण गाभ्याला घट्ट धरून ठेवणारी हॉलो पॉइंट फुफ्फुसातून जाताना भोक रुंद करते आणि सहसा बाहेरही पडते.

‘हॉलो पॉइंट माणसांसाठी’ यातलं खरं ते इथे आहे. स्वसंरक्षणाच्या गोळ्या बनवताना चाचणीच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच जावं हे उद्दिष्ट असतं. लवकर पसरावं, पलीकडच्या माणसाला लागू नये. अशी गोळी अस्वलाला मारली की ती चरबीत आणि पहिल्या बरगडीतच पसरून दमू शकते. म्हणून घरातल्या ड्रॉवरमधला डबा उचलून जंगलात जाऊ नये. पण पोकळ टोक दिसलं की सगळ्या गोळ्या एकाच माळेत ओवणं चूक आहे. तांब्याच्या अखंड हॉलो पॉइंट गोळ्या पसरूनही खोल जातात, कारण त्यांचं वजन झडत नाही.

आरपार जाण्याचा आग्रह मात्र मी सोडणार नाही, आणि त्याचं कारण अस्वल सोलताना दिसतं. नोव्हेंबरातल्या अस्वलाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. आम्ही एकदा सोलायला घेतलेल्या अस्वलाच्या अंगावर गोळी शिरल्याची जागा बोटांनी केस विंचरून शोधावी लागली होती. चरबी सरकून भोक बुजलं होतं, काठाचे केस रक्त पिऊन चिकटले होते. छाती उघडली तर आत सगळं रक्तच रक्त. बाहेर जमिनीवर मात्र पहिल्या वीस-पंचवीस पावलांत काही सांडलेलं नव्हतं. एकच भोक, तेही वरच्या अंगाला, असेल तर झाडोऱ्यात माग काढणं किती अवघड होतं ते त्या दिवशी कळलं. खालच्या अंगाला दुसरं भोक असलं की थेंब तरी पडतात. अर्थात गोळी पलीकडे जाणार म्हटल्यावर पलीकडे काय आहे, पिल्लू की माणूस, ते चाप ओढण्याआधी बघायचं.

आणि ‘हार्ड कास्टच’ म्हणणाऱ्याला कॅलिफोर्निया विसरता येणार नाही. तिथे १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तिकडच्या शिकाऱ्यापुढे तांबं हाच व्यवहार्य पर्याय उरतो.

‘कवटीवरून गोळ्या निसटतात’

कपाळ म्हणून जे दिसतं त्यातला बराच भाग जबड्याच्या स्नायूंचा असतो. मेंदू लहान, खाली आणि मागे. तिरक्या हाडावर वेडीवाकडी लागलेली गोळी भरकटू शकते, तशी ती कुठल्याही हाडावर भरकटते. पण काळ्या अस्वलाची कवटी म्हणजे चिलखत नव्हे. तरीही डोक्यावर नेम धरू नका, कारण लक्ष्य मुठीएवढं आणि सतत हलतं. जरा चुकलं की जबडा तुटलेलं अस्वल उपाशी मरायला निघून जातं. वर बऱ्याच राज्यांचे वन्यजीव विभाग वय काढण्यासाठी अस्वलाचा दात घेतात, आणि शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या नोंदीत अस्वल मोजलं जातं ते कवटीच्या लांबी-रुंदीवरूनच.

ज्याबद्दल तो मजकूर गप्प आहे

.४४ चा धक्का. रेंजवर एक जुनी युक्ती आहे: दुसऱ्याने सिलिंडर भरायचा आणि मध्येच एखादं झाडलेलं, रिकामं टरफल घालायचं. तुम्हाला माहीत नसतं कोणतं. त्या टरफलावर घोडा पडतो, नुसता ‘टक्’ आवाज होतो, आणि नळीचं तोंड चांगलं दोन इंच खाली झुकलेलं सगळ्यांना दिसतं. बार झालेला नसतानाही हात धक्क्याला घाबरलेला असतो. ती दोन इंचांची झुकांडी ४० यार्डांवर किती फुटांची होते याचा ज्याने त्याने अंदाज करावा. हलक्या चार इंची .४४ ने सरावाची कागदी थाळी चुकवणाऱ्याने सहा इंची, जड .३५७ घ्यावं, किंवा .४४ मध्येच मवाळ भरलेली काडतुसं. जेवणाची कागदी थाळी ज्या अंतरापर्यंत पाचही गोळ्या खाते, ते तुमचं अंतर. तिथून पुढे अस्वल कितीही मोठं दिसलं तरी ते तुमचं नाही.

शिकार कशी होणार हेही तो मजकूर विचारत नाही. मेन राज्यात आमिषावर आलेलं अस्वल पंधरा-वीस यार्डांवर निवांत उभं असतं. तिथे हँडगन छान. पेनसिल्वेनियात आमिष चालत नाही. तिथे मंडळी जमवून हाका घालतात, आणि लॉरेलच्या दाट झुडपांतून अस्वल भरधाव निघतं. अशा वेळी हँडगन मिरवण्यापेक्षा रायफल घेतलेली बरी, मग काडतूस कोणतंही असो.

‘कमरेला .४४ असली की चिंता नको’

शिकार आणि बचाव हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उलट्या टोकाचे लोकही इथेच घसरतात. २०१६ मध्ये अलास्कात एका मुरलेल्या गाइडने ९ मि.मी. पिस्तुलाने तपकिरी अस्वल थांबवलं, तेव्हापासून ‘९ मि.मी. पुरते’ असं सांगणारेही निघाले. जीव वाचवताना हातात होतं ते चालवलं, यावरून शिकारीला काय न्यावं हे ठरत नाही. बचावापुरतं बोलायचं तर अलास्कातल्या प्रसंगांवरचा २००८ चा अभ्यास बघावा. अस्वलांवर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याने काळ्या अस्वलांचं नकोसं वर्तन ९० टक्के प्रसंगांत थांबलं होतं. तंबूत मुलंबाळं घेऊन जाणाऱ्याने आधी तो डबा घ्यावा आणि खाणं गाडीत कुलूपबंद ठेवावं.

कायद्याचं थोडक्यात, कारण तो राज्यागणिक आणि वर्षागणिक बदलतो. त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचणं भाग आहे. वॉशिंग्टनमध्ये मोठ्या शिकारीला हँडगनची नळी किमान चार इंच आणि काडतूस किमान .२४ कॅलिबरचं लागतं. पेनसिल्वेनियात सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाने अस्वल मारता येत नाही, म्हणजे वर कौतुक केलेलं १० मि.मी. तिथे रिव्हॉल्व्हरमधूनच. पूर्ण आवरणाची, न पसरणारी गोळीही तिथे चालत नाही. एच-वन-बीवर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. तो परवाना सोबत ठेवावा आणि शंका असेल तर वकिलाला विचारावं. न्यू जर्सीत तर हँडगनने शिकारच करता येत नाही आणि हॉलो पॉइंट बाळगण्यावरही बंधनं आहेत. तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनहून पेनसिल्वेनियातल्या पोकोनोज डोंगरांत निघणाऱ्याने .३५७ की .४४ हा वाद घालण्याआधी डिकीतलं रिव्हॉल्व्हर रिकामं आणि कुलूपबंद आहे ना, हे तपासावं.