आधी नोंद घरोघर वाचून दाखवा, मग राष्ट्रीय ओळखपत्र द्या

देशातील प्रत्येक नागरिकाला सरकारने स्वतःहून एक राष्ट्रीय ओळखपत्र द्यावे, या कल्पनेला माझा विरोध नाही. माझा आग्रह एवढाच आहे की, ज्या नोंदींवर हे ओळखपत्र उभे राहणार आहे त्या आधी दुरुस्त व्हाव्यात, आणि दुरुस्तीचा भार ज्याची नोंद चुकली त्याच्या डोक्यावर न टाकता ज्या यंत्रणेने ती लिहिली तिने उचलावा. कोल्हापुरातील तहसील कार्यालये आणि सेवा केंद्रांसमोरच्या रांगा पाहताना हे अधिकच प्रकर्षाने जाणवते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

अनेकांना वाटते की आपल्याजवळचे आधार कार्ड हेच राष्ट्रीय ओळखपत्र आहे. तसे नाही. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम समितीने सीमाभागातील गावकऱ्यांना ओळखपत्रे देण्याची शिफारस केली. पुढे २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात कलम १४-अ आले, ज्यानुसार केंद्र सरकार प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंदणी करून त्याला राष्ट्रीय ओळखपत्र देऊ शकते. त्याच वर्षी त्यासाठीचे नियमही झाले. निवडक भागांत प्रायोगिक योजना राबवून काही कार्डे वाटण्यात आली, पण ती देशभर कधीच पोहोचली नाहीत. त्यानंतर २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार दिले गेले. आधार हे देशात राहणाऱ्या व्यक्तीला मिळते. ते नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ९ मध्ये लिहिलेले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र केवळ जवळ आहे म्हणून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, हे स्पष्ट केले.

म्हणजे रेशन, बँक खाते, शिष्यवृत्ती, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी या साऱ्यांसाठी जे कार्ड मागितले जाते, ते नागरिकत्वाचा प्रश्न आला की पुरेसे ठरत नाही. हे सामान्य माणसाला कोणी समजावून सांगितलेले नाही. त्यातच आता शेतकऱ्याला फार्मर आयडी, विद्यार्थ्याला अपार आणि दवाखान्यासाठी आभा असे क्रमांक वाढत चालले आहेत, आणि यातील अनेक क्रमांक पुन्हा आधारवरच्या नावाशी जुळावे लागतात. मूळ नोंदीतील एक चूक त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आडवी येते.

चुका कोठून येतात, हे आपल्या भागातील कोणीही सांगेल. जुन्या पिढीत मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी सोयीची म्हणून १ जून ही जन्मतारीख लिहिली. गावोगाव अशी माणसे आहेत आणि तीच तारीख त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कायम झाली. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत दुसरी तारीख असते, आणि पुष्कळदा बाळाचे नावच लिहिलेले नसते. लग्नानंतर स्त्रीचे नाव, मधले नाव आणि आडनाव तिन्ही बदलतात. माहेरचा दाखला एका नावाचा, रेशन कार्ड दुसऱ्या नावाचे. इंग्रजीतून नाव टंकताना झालेली एका अक्षराची चूक आधारवर राहते ती राहतेच. दुरुस्तीलाही मर्यादा आहे: साधारण नियमानुसार नाव दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. एका स्त्रीला नाव सरळ करून घेण्यासाठी राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि कामाच्या दिवसांचा खाडा एवढे सोसावे लागत असेल, तर त्याला सुविधा कशी म्हणावे?

ठशांचा प्रश्न त्याहून जिव्हारी लागणारा आहे. ऊस तोडणारे, गुऱ्हाळघरात राबणारे, शिरोलीच्या फौंड्रीत वाळू आणि तापलेल्या लोखंडाशी काम करणारे, चपलेसाठी कातडे कापणारे आणि शिवणारे यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, वयोमानानेही त्या पुसट होतात. रेशन दुकानातील ई-पॉस मशीनवर अशा म्हातारीचा अंगठा उठत नाही आणि पुन्हा पुन्हा पुसून ठेवलेले बोट शेवटी मागे घ्यावे लागते, तेव्हा तिला मिळणारे धान्य हा तिचा हक्क आहे हे आपण सारेच विसरतो. ठसा जुळला नाही तरी लाभ नाकारू नये, अशी अपवादाची व्यवस्था कागदावर आहे, डोळ्यांच्या बुबुळांचा आणि चेहऱ्याचा पर्यायही आला आहे. पण तो पर्याय वापरायचा की नाही, हे मशीनमागे बसलेला माणूस ठरवतो. ज्या हातांनी हा जिल्हा समृद्ध झाला त्याच हातांना ओळख नाकारली जावी, हे मला मान्य नाही.

शिवाय २०१९ आणि २०२१ चे महापूर आहेत. शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील कितीतरी घरांत पाणी शिरले आणि पेटीतले दाखले लगद्यासारखे झाले. अशा कुटुंबाकडे जुना कागद मागणे आणि तो नसल्याचा दोष त्याच कुटुंबावर ठेवणे हा अन्याय आहे. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक लोक वगळले गेले. तेथील इतिहास वेगळा आहे, हे मान्य. परंतु पुराव्याचे ओझे नागरिकावर टाकले की कागद नसलेला गरीबच आधी बाहेर पडतो, हे कोठेही खरे ठरेल. २००३ च्या नियमांतही संशयित नोंद असलेल्याला तालुका निबंधकासमोर म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे आहे. मात्र ती संधी संशयाची खूण पडल्यानंतरची आहे.

मार्ग आपल्याच राज्यात आहे. सातबारा संगणकावर आणल्यानंतर महसूल खात्याने गावोगाव चावडीवाचन घेतले, नोंदी वाचून दाखवल्या आणि हरकती मागवल्या. ओळखपत्राच्या बाबतीत गोपनीयता जपायची असल्यामुळे वाचन चावडीवर नव्हे, घरोघर व्हावे. ग्रामसेवकाने किंवा शहरात महापालिकेच्या कर्मचाऱ्याने प्रत्येक कुटुंबाला त्याची नोंद छापील कागदावर मराठीत द्यावी. शाळेचे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यू नोंद आणि मतदार यादी सरकारकडेच आहेत, तेव्हा त्या जुळवण्याचे काम सरकारी कचेऱ्यांनी आपसांत करावे. दुरुस्ती विनामूल्य व्हावी, ठसा न उठणाऱ्यांना पर्यायी ओळख उपलब्ध करून देणे यंत्रणेवर सक्तीचे असावे, आणि लेखी कारण व सुनावणी यांशिवाय एकही नाव वगळू नये. एवढे काम पूर्ण होईपर्यंत कोणत्याही कुटुंबाचे रेशन किंवा पेन्शन नव्या कार्डावर अवलंबून ठेवू नये, अशी लेखी हमी सरकारने आधी द्यावी. येत्या ग्रामसभेत या मागणीचा ठराव मांडण्यास आमच्या जिल्ह्यातील मित्रांनी पुढे यावे, मसुदा लिहून देण्याची तयारी माझी आहे.