मताआधी तालमीची खोली

आज सकाळी गल्लीत प्रचाराचा टेम्पो आला. उमेदवार अजून पोचायचे होते, म्हणून टेम्पोतले शाहीर आमच्या कठड्याशी बसून पेपरची सुरळी पेटवून डफ शेकत होते. पाणी द्यायला गेले आणि ओळखलं. बाबांच्या नाटकाच्या तालमीत मागे उभा राहून चाल धरणारा पोरगा, आता पांढऱ्या मिशा. म्हणाले, "ताई, निवडणूक आली की रोज बोलावतात. मतदान झालं की कुणी फोन उचलत नाही."

तेव्हापासून डोकं तडकलंय.

बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. पाळी सुटली की घरी येऊन आंघोळ, दोन घास आणि थेट तालीम. ते प्रॉम्प्टर, नटाला विसरलेलं वाक्य हळूच सांगणारे. गिरणीतून रद्दी झालेल्या हजेरीबुकाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी अख्खी नाटकं उतरवून काढली होती. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार बंद, घरात डाळ पातळ होत गेली, आई मेसचे डबे करायला लागली. तालीम मात्र चालू राहिली, कारण जागा होती. चाळीची व्यायामशाळा, रात्री नऊनंतर, फुकट.

आता तिथे टॉवर आहे. परवा भाचीचा ग्रुप एकांकिकेची तालीम दुसऱ्या एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये करत होता. दहा वाजता वॉचमनने हाकललं. वीस-एकवीस वर्षांची पोरं, नोकरी करून आलेली, रस्त्यावर उभी राहून संवाद म्हणत होती. हॉल भाड्याने घ्यायचा तर त्यांनी खायचं काय?

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी पेढे वाटले. मी पण वाटले. त्याच भाषेत बोलणाऱ्या पोरांना उभं राहायला खोली नाही, आणि मुंबई महापालिकेचं 2025-26 चं बजेट 74 हजार कोटींच्या वर! 227 प्रभाग आहेत. पालिकेच्या शाळा संध्याकाळी कुलूप लावून बसलेल्या असतात. एकेक वर्ग रात्री दहापर्यंत उघडा ठेवा. विजेचं बिल आणि एका शिपायाचा जादा पगार, एवढाच खर्च. हौशी आणि बालनाट्यासाठी पालिकेच्या नाट्यगृहांचं भाडं परवडेल इतकं करा. एवढंच मागतेय.

पाणी, रस्ते, दवाखाने आधी, हो, मान्य. राज्य सरकारने ज्येष्ठ कलावंतांचं मानधन महिना 5 हजार केलं, तेही चांगलं झालं. पण ते उतारवयात. तोपर्यंत माणूस कलावंत म्हणून टिकायचा कसा?

आणि सरकारी पैसा आला की मिंधेपणा येतो, असं जे म्हणतात, त्यांना एकच सांगते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर या शाहिरांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव, गिरणीच्या दारात माणसं उभी केली. हे राज्यच शाहिरांच्या गळ्यातून आलंय. त्यांच्या नातवंडांना राज्याने खोली दिली तर ती भीक कशी?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. बाबांचं ते हजेरीबुक समोर आहे. एका पानाच्या मागे कामगारांची नावं आणि खाडे, पुढे नायिकेचं स्वगत, जिथे श्वास घ्यायचा तिथे बाबांनी पेन्सिलीने बारीक रेघ मारलीय. संपाच्या दिवसांतलं पान आहे. रात्री आम्ही झोपायला टेकायचो तेव्हा व्यायामशाळेतून त्यांचा दबका आवाज यायचा, अर्धं वाक्य पुढे सरकवणारा. पोटात भूक असायची तरी तो आवाज ऐकला की झोप लागायची.

शाहीर दुपारी परत दिसले. घसा बसला होता. आलं-गूळ दिला. म्हणाले, "संध्याकाळी अजून तीन गल्ल्या आहेत."

उद्या सात वाजता मैदानात सभा आहे. अर्ज हाताने लिहून ठेवलाय. सभेत सगळ्यांसमोर उमेदवाराच्या हातात देणार आणि 'हो' की 'नाही' ते माइकवर विचारणार. दुसऱ्या पक्षाची सभा असेल तिथेही हेच. सह्या लागतील. साडेसहाला आमच्या गेटपाशी या, पेन मी आणते.