‘आरती’बद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

आयआयटी मद्रासमध्ये अपंगांसाठी साधनं घडवणाऱ्या प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या कामावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आधी कबुली : तिथल्या ‘अराइज’ला, म्हणजे बसलेल्या माणसाला उभं करणाऱ्या व्हीलचेअरला, मी लेखात मोटर बसवून टाकली होती. ती मोटरशिवायच चालते. चूक माझी, दुरुस्ती केली आहे.

पण ‘प्रा. सुजाता श्रीनिवासन यांची आरती ओवाळलीत’ हे काय? पटलं नाही तर तसं लिहा ना. इथे लोकांनी माझ्या भरपूर चुका काढल्यात, हातात निरांजन कुणी दिलं नव्हतं. पुढचं वाक्य तर कहरच : ‘ओहायोत शिकून आलेल्यांना पाय गेलेल्या माणसाचं काय कळतं? पेपर छापायचे नि बढती घ्यायची.’

बाईंनी ओहायो स्टेटमधून पीएचडी केली ती कशावर, बघितलंत? कृत्रिम पाय लावलेली माणसं कशी चालतात, यावर.

आणि पाय गेलेला माणूस मी घरात पाहिलाय. शुगरमुळे वडिलांचा उजवा पाय मांडीतून काढला. मिळाला तो लॉकवाला पाय. चालताना गुडघा ताठ अडकवायचा आणि अख्खा पाय कमरेतून बाहेर फेकत, अर्धगोल काढत पुढे आणायचा. बसताना पँटवरूनच लॉक चाचपून ओढायचं, खट् आवाज आला की गुडघा वाकणार. एसटीत गर्दीत ते हाताला लागायचं नाही. मग पाय वाटेत आडवा आणि कंडक्टरचं, ‘बाबा, पाय आत घ्या!’ आई वाकून लॉक शोधायची. वडील खिडकीबाहेर बघत बसायचे.

२०२२ मध्ये बाईंच्या आर२डी२ या संशोधन केंद्राने ‘कदम’ हा कृत्रिम गुडघा आणला, बंगळुरूच्या मोबिलिटी इंडिया वगैरे संस्थांबरोबर. त्याचा आस, म्हणजे ज्याभोवती गुडघा वाकतो तो बिंदू, एका जागी खिळलेला नाही, वाकताना तो सरकतो. म्हणून वजन टाकलं की गुडघा लॉकशिवाय तग धरतो, आणि पाऊल उचललं की पाय किंचित आखूड होऊन चवडा जमिनीला घासत नाही. (असे गुडघे परदेशात आधीपासून होते, ठाऊक आहे. लगेच टाइप करायला बसू नका.) आस कुठे असावा, किती सरकावा, हे गणित तुम्ही ज्यांना नाक मुरडताय त्या पेपरांतूनच येतं, साहेब. वडील तोवर गेले होते.

बाकी तुमचं ते ‘२०१९ साली पंधरा हजारांची म्हणून आलेली अराइज तालुक्याला मिळते कुठे, बिघडली तर दुरुस्त कोण करतं, पोचली किती जणांपर्यंत’ वगैरे. तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता. लेख एका बाईच्या कामावर होता, वाटपावर नव्हता. कधी सवड झाली तर बघू.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘धडधाकट माणसाला कौतुक करायला काय जातं!’ तुमचे स्वतःचे पाय कसे आहेत, हे मी तुम्हाला विचारलेलं नाही.