आईची कळशी

आज खरंच डोकं फिरलंय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा मीच पेढे वाटले होते. आता आमची पाळी. दुपारी पोचले तर पोटमाळा साफ आणि दारात भंगारवाला. ताणकाट्याला आईची पितळी कळशी लटकलेली. "तीन किलो शंभर ग्रॅम."

भाचा म्हणाला, "आत्या, वर्षभर कुणी हात लावला नाही ना? मग कशाला ठेवायचं?"

अरे, हा कुठला हिशोब! १६० चौरस फुटांत आम्ही सात माणसं राहिलो, तेव्हा त्या कळशीला जागा होती. आता ५०० फुटांचं घर मिळणार आणि तिथे ती अडचण? ज्याला त्याला हल्ली मोकळ्या भिंती हव्यात. घर आहे की हॉटेलची खोली?

८२ च्या गिरणी संपात बाबांचा पगार बंद झाला. हंडा गेला, घंगाळ गेलं, एकेक पातेलं गेलं. कळशी आईने दिली नाही. पहाटे नळावर नंबर लावून त्याच कळशीने पाणी भरायची.

का दिली नाही, ते मला फार उशिरा कळलं. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय: आईचं माहेरचं नाव, खाली १९६९. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं संपलं. रेशनकार्डावर नवं, पासबुकावर नवं, मृत्यूच्या दाखल्यावरही नवंच. शाळेचा दाखला कधी नव्हताच. तिचं स्वतःचं नाव या जगात एकाच ठिकाणी उरलंय, आणि ते किलोवर चाललं होतं.

पसारा होता, हे मान्य. श्रीखंडाचे रिकामे डबे, मुदत संपलेली औषधं, तीन मोडके पंखे. चार पोती मीच बांधली. जुन्या साड्या गोधडीला दिल्या. भाच्याला धुळीचा त्रास आहे, तोंडाला रुमाल बांधून दोन दिवस एकटा राबला पोरगा. मी उगाच ओरडले त्याच्यावर.

संध्याकाळी चिंच लावून कळशी घासली. ठिपके उजळले तसं त्याने एकेक अक्षर लावून वाचलं. "ही कोण?" म्हणाला. बावीस वर्षांचा नातू, आणि आजीचं नाव ठाऊक नाही. चूक त्याची नाही. आम्हीच कधी त्या नावाने तिची आठवण काढली नाही. मग किती वेळ आम्ही दोघं तिथेच फरशीवर बसलो होतो.

भंगारवाल्याने टाकताना कळशीला बाजूने मोठा पोचा आलाय. तांबाकाट्याच्या भांडीबाजारात किंवा इकडे जवळपास पोचे काढून देणारा कुणी माहितीत असेल तर कळवा. हाताने ठोकणारा हवा. नावाला धक्का लागता कामा नये.