स्थानिकांसाठी खास सवलत (अटी लागू)

थीम पार्कवाल्यांच्या स्थानिक सवलतीबद्दल एकदा मनातलं लिहूनच टाकते. अटींच्या पानावर काय असतं? "सवलत स्थानिक रहिवाशांना लागू. वैध पुरावा आवश्यक." झालं! पुरावा कुणाचा? तिकीट काढणाऱ्याचा, की आत जाणाऱ्या प्रत्येकाचा? दोघं घरचे आणि तिघं बाहेरगावचे पाहुणे असले, तर पाहुणे सवलतीत बसतात का? याचं उत्तर पानावर सापडत नाही. ते गेटवरच्या माणसाकडे असतं, आणि ड्युटी बदलली की उत्तरही बदलतं.

पुराव्याची तर गंमतच आहे. भाडेकरूच्या ओळखपत्रावर जुना पत्ता, विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. हॉस्टेलवरच्या विद्यार्थ्याकडे बिलच नाही. शाळकरी पोरांच्या नावावर कसलं डोंबलाचं बिल असणार? ही सगळी माणसं तिथेच राहतात, पण कागदोपत्री परकी. उलट गाव सोडून कैक वर्षं झालेला एखादा जुन्या कार्डावर ऐटीत आत शिरतो.

सवलतीच्या तिकिटावरचं "तीस दिवसांत तीन भेटी" हाही तसलाच प्रकार. दिवस खरेदीपासून मोजायचे की पहिल्या प्रवेशापासून?

स्पष्ट लिहिता येत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडने दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सवलत देताना सरळ झिप कोडच, म्हणजे तिकडचे पिनकोड, छापलेत, 90000 ते 93599. सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या उत्तर बाहा कॅलिफोर्नियाचेसुद्धा, 21000 ते 22999. आपण त्यात बसतो की नाही, हे घरबसल्या कळतं.

"सवलत देतात हेच खूप" म्हणणारेही भेटतात. अहो, ही काय मेहरबानी आहे? आडवारी आणि गर्दी नसलेल्या महिन्यांत पार्क भरायला जवळची माणसंच कामाला येतात. धंदा आहे तो, आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त सौदा काय आहे ते आधी सांगा.

ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात सोय आहे: अटीचे दोन अर्थ निघत असतील, तर ग्राहकाच्या फायद्याचा अर्थ धरायचा. युरोपीय संघाच्या 1993 च्या निर्देशातही हेच तत्त्व आहे. पण मागे रांग लागलेली, पोरं कावलेली, अशा वेळी गेटवर कलमं कोण काढतंय! माणूस निमूट फरकाचे पैसे भरतो. कारण तिकीट परत घेतलं जाणार नाही, हे वाक्य मात्र स्वच्छ, ठळक आणि एकाच अर्थाचं असतं बरं का.

म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारा. फोनवर नको, फोनवर सगळे "हो हो, चालेल" म्हणतात. कोण कोण येणार, कुणाकडे कोणता कागद आहे, सगळं लिहा. लेखी उत्तर आलं की त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवा आणि गेटवर तीच दाखवा.